ज्याची चूक, त्याची खरवड

आमच्या संस्थेच्या कोठीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात शाली असतात. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घालायची, ती त्यांनी भाषण झाल्यावर खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि जाताना विसरायची, असा रिवाज होता. विसरलेली शाल घडी होऊन कपाटात परत यायची. त्यातल्या काही शालींनी माझ्यापेक्षा जास्त प्रशिक्षणं पाहिली आहेत. नारळाचं तसं नव्हतं. त्याची दुसऱ्या दिवशी चटणी व्हायची, म्हणून प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी इडली हे ठरलेलं होतं. आमच्याकडे राहणाऱ्यांना प्रशिक्षणाचा एवढा एक फायदा निश्चित मिळायचा.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी वाई-सातारा रस्त्यावरच्या या केंद्रात अधीक्षक म्हणून आले. इथे प्रौढ दिव्यांग माणसं राहतात. कुणाला चालता येत नाही, कुणाला बोलता येत नाही, बऱ्याच जणांना स्वतःच्या हातानं जेवता येत नाही, आणि घरी त्यांचं करणारं माणूस एक तर गेलेलं असतं किंवा थकलेलं. पन्नाशीच्या माणसालाही इथे 'मुलगा' म्हणतात. ती सवय मोडायचा मी बराच प्रयत्न केला. शेवटी त्या पन्नाशीच्या माणसानंच मला खुणेनं सांगितलं की राहू दे, त्याला तेवढंच तरुण वाटतं. त्यांचं अंघोळीपासून झोपेपर्यंत सगळं करणाऱ्या बायकांना मावशी म्हणतात आणि पुरुषांना दादा. नावं मी इथे लिहिणार नाही. आमच्या भागात माणसाला गावावरून ओळखायची पद्धत आहेच, ती सोयीची पडेल.

प्रशिक्षण कसं व्हायचं ते एकदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुण्याहून एक मुलगी आली होती. वाचा आणि गिळणं या विषयातली तज्ज्ञ, वयानं लहान, बोलायला साधी. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला कसं भरवावं, हा विषय. सकाळी दीपप्रज्वलन झालं. पंख्यामुळे वात पेटेना, पंखा बंद केला तर अध्यक्षांना उकाडा सोसवेना, म्हणून एका दादानं समईभोवती हातांचा आडोसा धरला आणि फोटोत समईऐवजी तोच आला. मग स्वागत, परिचय, अध्यक्षांचे दोन शब्द. आमच्या अध्यक्षांचे दोन शब्द हे सातारच्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. त्या मुलीच्या वाट्याला जो वेळ उरला त्यात ती भरभर बोलली. हनुवटी खाली हवी, मान मागे नको, अर्धा चमचा घ्या, गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका, आणि माणसानं तोंड फिरवलं तर थांबा. शेवटी तिनं पिशवीतून दह्याचे डबे काढले. एकमेकांना भरवून बघायचं होतं. पण आभार राहिले होते. डबे पिशवीत परत गेले.

"काही शंका?" तिनं विचारलं.

"न्हाई मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले. मग टाळ्या झाल्या. तेवढा वेळ आत आमची माणसं जेवणाची वाट पाहत होती, कारण त्यांना जेवायला कसं घालावं हे शिकायला त्यांच्या मावश्या बाहेर बसल्या होत्या.

त्या वाट पाहणाऱ्यांत सांगली जिल्ह्यातल्या कुंडलची एक होती. तिशीची असेल. जन्मतःच मेंदूला इजा झालेली, हातपाय तिचं ऐकत नाहीत, बोलता येत नाही. कळतं मात्र सगळं. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं की ती डोळे मिटून घ्यायची, आणि त्यांना वाटायचं की ती तल्लीन झाली. वडील नाहीत. आई कुंडलला दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत कामाला जाते. महिन्यातून एकदा ती कुंडलहून निघायची, कराडला गाडी बदलायची, साताऱ्याला बदलायची आणि दुपारी आमच्या फाट्यावर उतरायची. लेकीजवळ थोडं बसली की परतीच्या गाडीची वेळ. संस्था तेव्हा सांगलीला दुसरं केंद्र बांधत होती. आईचं एकच मागणं होतं.

"मॅडम, सांगलीचं झालं की हिला तिथं द्या. दर आयतवारी येईन. दुसरं काय न्हाई."

अडचण एकच होती. मुलीला जेवताना ठसका लागायचा. अन्न श्वासनलिकेत जायचं आणि छातीत कफ धरायचा. सातारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तिला नीट भरवणारी माणसं असतील तिथेच ती राहू शकेल, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. म्हणजे त्या मायलेकींचं रविवारचं भेटणं एका चमच्यावर अवलंबून होतं.

पुण्याच्या मुलीचं प्रशिक्षण झालं त्यानंतर थोड्याच दिवसांत कुंडलची मुलगी पुन्हा दवाखान्यात गेली. न्यूमोनिया. का झाला ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीच बोललं नाही. आमच्याकडे चुकीबद्दल बोलायची एकच पद्धत होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या चुकीबद्दल, आणि तीही तो नसताना.

केंद्राच्या मागच्या बाजूला, भांडी घासायच्या मोरीपाशी एक पडवी आहे. सगळ्यांना भरवून झालं की मावश्या आणि दादा तिथे जेवतात. मीही माझा डबा तिथेच खायची, कारण कार्यालयात अध्यक्षांचा मोठा फोटो आहे आणि त्यांच्यासमोर मला घास उतरत नाही. ती दवाखान्यात होती त्या आठवड्यात एक दिवस आम्ही असेच बसलो होतो. लोणंदची मावशी त्या वेळी नवीनच होती. तिशीच्या आतली, तोंडानं फटकळ. भाकरी मोडता मोडता ती एकदम म्हणाली, "कुंडलच्या पोरीला म्या घाई केली. माझी गाडी चुकत व्हती. ठसकली तवा मला कळलं."

सगळ्यांचे हात थांबले. सगळे थोरल्या मावशींकडे बघायला लागले. त्या केंद्रात पहिल्यापासून आहेत. त्यांच्यासमोर अध्यक्षही खुर्ची सोडून उभे राहतात, एरवी ते कुणासाठी उठत नाहीत. आता हिची खैर नाही, असं मलाही वाटलं.

थोरल्या मावशी सावकाश म्हणाल्या, "माझ्या हातनं बी ठसकलीया. दोनदा. गाडीबिडी काय न्हवती माझी."

 आचारी पलीकडे दुधाचं पातेलं खरवडत बसला होता. आमच्याकडे रोज मोठं पातेलंभर दूध तापतं, आणि तळाला लागलेली खरवड साखर घालून खायची म्हणजे चैन. ती कुणाला मिळावी यावरून रोज भांडण. आचाऱ्यानं उलथन्यावरची खरवड लोणंदच्या मावशीच्या ताटात टाकली.

"घ्या. आज तुमची."

"आवं, मी चूक केली म्हनून सांगतीय आन् तुमी मला खरवड देताय व्हय?"

"मग काय लाडू देऊ? चुकी सांगितली न्हवं? खा गप."

थोरल्या मावशी म्हणाल्या, "आन् माझी? मी तर दोन सांगितल्या."

एवढ्यावर सगळे हसले. त्या हसण्यातच थोरल्या मावशी भिंतीला टेकून बसल्या आणि लोणंदकरणीला म्हणाल्या, "भरव मला. तिला कशी भरवतीस तशी. बघू दे काय हुतंय."

तिनं वरणभात कालवला, डावा हात मावशींच्या कपाळावर ठेवला, मान जरा मागे केली आणि चमचा पुढे केला. आपण सगळे तान्ह्या पोराला गुटी पाजतो तसंच. मावशींना दुसऱ्याच घासाला ठसका लागला. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "ती पुण्याची पोरगी म्हणत हुती बग, हनुवटी खाली म्हनून. मला तवा वाटलं, नाटकं हायत." हनुवटी खाली घेऊन पुन्हा सुरू झालं. ते जमलं. पण थोड्या वेळानं मावशींनी तोंड फिरवलं. लोणंदची मावशी म्हणाली, "एकच घास. माझ्यासाठी. एवढा एकच." मावशींनी पुन्हा तोंड फिरवलं. तिनं चमचा त्या बाजूला नेला.

"अगं नगं म्हणलं की! कळत न्हाई व्हय तुला?"

"तुमी तोंडानं म्हणला व्हय? नुसतं तोंड फिरवलं."

बोलून झालं आणि तिनंच चमचा ताटात ठेवला.

आमच्याकडे जेवणात 'नको' या शब्दाला किंमत नाही. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं वाढायचं, पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरायचा, यजमानानं बोटांच्या फटीतून वाढायचं. न वाढलं तर पाहुणा घरी जाऊन सांगतो की तिथं आग्रहच केला नाही. हे संस्कार घेऊन आम्ही एका अशा बाईला भरवत होतो जिच्याकडे नको म्हणायला मान फिरवण्यापलीकडे काहीच नव्हतं. आम्ही तिच्यावर मायाच करत होतो. तिच्या छातीत मायाच साठत होती.

तिथून ती रीत पडली. जेवताना कुणीतरी म्हणायचं, "आज खरवड माझी," आणि सांगायला लागायचं. एका दादानं सांगितलं की तो एकाला खाटेवरून उचलताना नेहमी त्याच्या दुखऱ्या बाजूनं उचलत होता, कारण ती बाजू दाराकडे होती. मग खाट फिरवली. कुणी नियम केला नव्हता, पण पडवीतलं पडवीत राहायचं. मी तिथे काही लिहून घेतलं नाही. शाळेत असताना मी पाठांची इतकी टाचणं लिहिली आहेत की कागदावर गेलेल्या गोष्टी सहसा होत नाहीत हे मला माहीत होतं.

लोणंदच्या मावशीनंच एकदा सांगितलं की इथल्या एका माणसाला न्हाणीत खुर्चीवर बसवून ती टॉवेल आणायला गेली, वाटेत पोरीच्या शाळेतून फोन आला आणि ती त्याला विसरली. आठवण झाली तेव्हा तो कुडकुडत होता. सांगताना ती रडली. त्या दिवशी खरवड खायची तिची इच्छा नव्हती. आचाऱ्यानं ती झाकून ठेवली आणि संध्याकाळी तिच्या डब्यात घातली. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या आत, हाताला येईल असा टॉवेलचा खुंटा ठोकला गेला. तो अजून आहे.

पुण्याची ती मुलगी नंतर एका शनिवारी आपण होऊन आली. शाल नाही, समई नाही. पडवीच्या पायरीवर बसली. म्हणाली, "मीही चूक सांगू? मागच्या वेळी मी तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही. नुसती बोलत सुटले."

"खरवड आना रं," थोरल्या मावशी म्हणाल्या. मग दह्याचे डबे निघाले, आणि त्या दुपारी तिला इतक्या शंका विचारल्या गेल्या की तिची साताऱ्याहून पुण्याची गाडी चुकली.

कुंडलच्या मुलीचं जेवण आता लांबायला लागलं. ती तोंड फिरवायची, मावश्या चमचा ताटलीत ठेवायच्या आणि गप्पा मारत बसायच्या. थोड्या वेळानं ती आपण होऊन मान परत वळवायची आणि तोंड उघडायची. ही तिची मान परत वळायची वाट बघणं, हे आमच्याकडे सगळ्यांत अवघड शिक्षण होतं. आधी तिला कुणी तेवढा वेळच दिला नव्हता. ठसका कमी झाला. पावसाळा दवाखान्याशिवाय गेला. आई आली, दाराशी उभी राहून तिनं लेकीचं सगळं जेवण बघितलं. मग मला म्हणाली, "आता सांगलीला द्याल न्हवं?"

मी हो म्हणाले. डॉक्टरही हो म्हणाले.

याच सुमारास अध्यक्षांना पडवीचा शोध लागला. न सांगता आले होते, मागच्या बाजूला आवाज ऐकून तिकडे गेले आणि एका दादाचं सांगणं त्यांनी खांबाआडून ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. हे मी थट्टेनं लिहीत नाही. ते मनानं चांगले आहेत, संस्थेसाठी त्यांनी स्वतःची जमीन दिली आहे. पण चांगली गोष्ट दिसली की तिचं उद्घाटन केल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

"अहो मॅडम, हे मॉडेल आहे! आणि तुम्ही हे मोरीपाशी करताय?"

"मोरीपाशी आहे म्हणूनच होतंय साहेब."

त्यांना तो विनोद वाटला. महिन्याभरात साताऱ्यात सभागृह घेतलं गेलं. फ्लेक्सवर उपक्रमाला नाव मिळालं, ते संस्कृत होतं आणि मावश्यांपैकी कुणालाही म्हणता येत नव्हतं. वाट्यांतून खरवड वाटायची ठरली, पण ती फोटोत जळकी दिसते असं कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून बासुंदी आणली. प्रत्येक मावशीनं आणि दादानं व्यासपीठावर येऊन एक चूक सांगायची होती. बाकीच्या शहाण्या होत्या. एकीनं आमटीत मीठ कमी पडल्याचं सांगितलं, एका दादानं गणवेशाला इस्त्री न केल्याचं. टाळ्या झाल्या. मग लोणंदच्या मावशीला बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, "अगदी मनमोकळं बोला, ताई. हे आपलं घर आहे."

ती मनमोकळं बोलली. न्हाणी, फोन, कुडकुडणारा माणूस. खुंट्याचंही सांगितलं, पण तोवर सभागृहात कुजबूज सुरू झाली होती आणि खुंट्याचं कुणाला ऐकू गेलं नाही. पहिल्या रांगेत त्या माणसाचा भाऊ बसला होता. त्याला निमंत्रण होतं. शेजारी एक सरकारी अधिकारी बसले होते. त्यांनी अध्यक्षांना वाकून काहीतरी विचारलं, आणि अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचं घर बंद झालं.

आठवड्यात तिला कारणे दाखवा नोटीस आली. कार्यकारिणीत मी बोलले. ज्या गोष्टीसाठी कार्यक्रम ठेवला तिच्याचसाठी नोटीस कशी, असं विचारलं. अध्यक्ष खरंच दुखावल्यासारखे म्हणाले, "मॅडम, चुकांना आमची ना नाही. पण अशा चुका?"

लोणंदच्या मावशीनं तो कागद पडवीत आणला आणि आचाऱ्याला दाखवला.

"बगा आचारीबुवा. खरवडीऐवजी ह्ये."

तो हसला नाही. तिची नोकरी गेली नाही, समज देऊन सोडलं. पण काही महिन्यांनी तिनंच लोणंदच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. निरोप घेताना मला म्हणाली, "तिथं चुकलं तर खोकं परत येतंय मॅडम. बस एवढंच." जाताना कुंडलच्या मुलीच्या गालाला गाल लावून गेली.

पडवीत जेवणं सुरूच होती. विषय बदलले. गाड्या, पोरं, मालिका. आचारी काही दिवस उलथनं हातात धरून विचारायचा, "आज कुणाची?" मावश्या म्हणायच्या, "आज काय न्हाई झालं." रोज काही झालं नाही. मग तो दुपारीच पातेल्यात पाणी घालून ते भिजत ठेवायला लागला.

सांगलीचं केंद्र सुरू झालं. इमारत आमच्यापेक्षा चांगली, उतार नीट बांधलेले, न्हाणीघरात धरायला दांडे. तिथल्या मावश्या एक दिवस आमच्याकडे शिकायला आल्या. थोरल्या मावशींनी त्यांच्यासमोर कुंडलच्या मुलीला भरवून दाखवलं, मग त्यांनी भरवलं. सगळं बरोबर झालं. कुणी बघत असलं की बरोबरच होतं. "काही शंका?" मी विचारलं, आणि विचारता विचारता उत्तर ऐकलं.

"न्हाई मॅडम."

थोरल्या मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मला महिनाभर सांगलीला धाडा. ह्या पोरी चांगल्या हायत, पर ह्यास्नी इचारायची भीती वाटती. त्यांच्यासंगं जेवायला बसलं पायजे." मी ते अध्यक्षांपुढे मांडलं. प्रमाणपत्रं देऊन झाली होती. ज्यांना प्रमाणपत्र मिळालं आहे त्यांना पुन्हा शिकवायला माणूस पाठवणं म्हणजे प्रमाणपत्राचा अपमान, असं काहीसं ते म्हणाले. मुलगी सांगलीला गेली. गाडीत बसवताना तिची आई सगळ्यांच्या पाया पडत होती, आचाऱ्याच्यासुद्धा.

पुढचं मला फोनवर कळलं, आणि नंतर तुकड्या-तुकड्यांनी.

आपल्याकडे चांगल्या घरची माणसं वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला अशा केंद्रात अन्नदान करतात. नुसतं अन्न पाठवत नाहीत, घरातली सगळी येतात आणि आपल्या हातानं भरवतात. त्याचा फोटो काढतात. सांगलीत असंच एक कुटुंब आलं होतं. आजीबाईंची पंचाहत्तरी होती. त्यांनी कुंडलच्या मुलीला शिरा भरवायला घेतला. ती हसली, थोडं खाल्लं, आणि तोंड फिरवलं. आजींनी प्रेमानं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "एकच घास बाळा. माझ्या वाढदिवसाचा."

त्या रात्री ताप आला. सांगलीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. ती वाचली. नाकात नळी घालून केंद्रात परत पाठवलं, आणि नळी मग तशीच राहिली. डॉक्टर म्हणत होते की बरी झाली की हळूहळू तोंडानं सुरू करा, नीट माहिती असलेलं कुणीतरी हवं. पण सुरू करणार कोण? पुन्हा ठसका लागला तर ज्याच्या हातात चमचा त्याच्या नावानं कागद निघणार. नळी चुकत नाही. नळीला कुणी खुलासा मागत नाही.

मी थोरल्या मावशींना घेऊन सांगलीला गेले. रविवार होता. मावशींच्या पिशवीत एक छोटी डबी होती. जाताना गाडीत त्यांनी मला ती काय आहे ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

फाटकापाशी तिथली एक मावशी आम्हाला घ्यायला आली होती. आमच्याकडे शिकायला आलेल्यांपैकीच. चालता चालता ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी तिथंच उभी व्हते. ती नगं म्हणत व्हती. मला कळत व्हतं. तुमच्या मावशींनी दाखवलं व्हतं ना."

"मग?"

"आजीबाईंस्नी कसं सांगू? फोटो चालला व्हता. साहेब बाजूला उभं व्हतं." मग थांबून म्हणाली, "कुनाला सांगितलं न्हाई अजून."

थोरल्या मावशींनी तिच्याकडे बघितलं, डबीवर हात ठेवला, आणि पुन्हा काढला.

आई लेकीजवळ बसली होती. दर रविवारी ती येते. तिनं जे मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. मुलीची प्रकृती, तिथले लोक म्हणतात त्याप्रमाणे, स्थिर होती. नळीतून सगळं वेळेवर जात होतं. आई आम्हाला म्हणाली, "शेजारी बसून माझी भाकरी खाते मॅडम, तर ती माझ्या ताटाकडं बगत बसती. आता मी बाहेर जाऊन खाते."

ओठाला काही चव लावून बघायला हरकत नाही, गिळवण्याच्या भानगडीत मात्र पडू नका, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं. मावशींनी डबी उघडली. खरवड होती, दुधात वाटून मऊ केलेली. पडवीत ती कुणी मागत नव्हतं, म्हणून आचाऱ्यानं आदल्या दिवशी मुद्दाम काढून ठेवली होती. मुलीनं मावशींना ओळखलं. हसली. मावशींनी तिला नीट बसतं केलं, हनुवटी खाली घेतली, चमच्याच्या टोकावर जरासं घेतलं आणि ओठांपाशी नेलं.

मुलीनं तोंड फिरवलं.

मावशींनी चमचा डबीत ठेवला.

आई म्हणाली, "आवं, एकदा तरी आग्रह करा की. तुमच्या हातचं खाईल ती."

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "ती नगं म्हणती."

मग आम्ही बसलो. मावशी तिला लोणंदच्या मावशीचं सांगत होत्या, तिची पोरगी आता कितवीत आहे ते. आईनं दोनदा माझ्याकडे बघितलं. तिथली ती मावशी दारात उभी राहून बघत होती, मग आत येऊन खाटेशेजारी जमिनीवर बसली. मुलगी भिंतीकडे बघत होती. पूर्वी ती थोड्या वेळानं मान वळवायची. आमच्या परतीच्या, कराडच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी उठले. मावशी बसूनच राहिल्या.

"मागनं अजून एक गाडी असंल," त्या म्हणाल्या. "बसा जरा."